हिशेबाबाहेरची मेमरी

मार्च २०१४ मधली गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची वर्षअखेरची सभा होती आणि विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, 'जडसंग्रहातील निरुपयोगी वस्तूंचे निर्लेखन'. ज्यांनी शाळेत, सोसायटीत किंवा ग्रंथालयात कधी काम केले आहे त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. रजिस्टरवर छापलेले असते 'जडसंग्रह', तोंडात मात्र सर्वांच्या 'डेडस्टॉक'. एकदा वस्तू त्यात चढली की ती मोडो, हरवो, तिला वाळवी लागो. सभेचा ठराव होऊन तिच्यावर लाल शाईची रेघ पडेपर्यंत कागदोपत्री ती जिवंतच असते. त्या वर्षीच्या यादीत दोन लोखंडी खुर्च्या, एक छताचा पंखा आणि एक संगणक होता. संगणकाचे नाव मी घातले होते.

हा संगणक एका सभासदाच्या मुलाने वाचनालयाला दिलेला. मेमरी २ जीबी, म्हणजे त्या काळीही बेताचीच. त्यावर मी लिनक्स घातले होते; ते फुकट मिळते, हेच खरे कारण. वाचनालयाच्या माळ्यावर संस्थेची जुनी इतिवृत्ते, देणगीदारांची पत्रे आणि दोन-तीन घराण्यांनी सांभाळायला दिलेली मोडी दप्तरे पडून होती. त्यांच्या पानांची छायाचित्रे घेऊन सूची करण्याचे काम मी अंगावर घेतले होते. संगणकाचे रीतसर शिक्षण मला नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि हिशेबनिसाची नोकरी एवढेच भांडवल. सकाळी यंत्र बरे चाले, दुपारनंतर जड होई आणि संध्याकाळी एक खिडकी उघडायला मिनिट-दीड मिनिट लागे. माऊसचा बाण पडद्यावर थिजून राही आणि हार्ड डिस्क आतल्या आत कुरकुरत राही. कुणीतरी सांगितले म्हणून 'फ्री' हा हुकूम देऊन पाहिला. दोन हजारांच्या आसपास एमबीपैकी रिकामी मेमरी होती ८५. हिशेबनिसाला आणखी काय पुरावा हवा? मी लिहून दिले, मेमरी संपली आहे, यंत्र निकामी.

"सर, तुम्ही म्हणताय संपली तर संपली," खजिनदार म्हणाले. "भंगारात किती येतील तेवढं बघा."

विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला, म्हणून यंत्र वाचले. त्या रात्री मी तोच हुकूम पुन्हा दिला आणि पहिल्या ओळीखाली एक दुसरी ओळ असल्याचे पहिल्यांदा नीट पाहिले. तिच्या मते निम्म्याहून अधिक मेमरी उपलब्ध होती. मी ताळेबंदाची वरची बाजू वाचून पेढी बुडाल्याचा निष्कर्ष काढला होता. पण मग संध्याकाळचा तो जडपणा? तो भास नव्हता. ग्रंथपालबाईंनाही तो रोज दिसत होता. आकडा चुकीचा वाचला आणि तक्रार मात्र खरी, हे एकाच वेळी कसे शक्य आहे, या प्रश्नापाशी मी अडकलो. पुढची दहा वर्षे सवड मिळेल तसे लिनक्स डेस्कटॉपच्या मेमरीविषयी जे वाचता आले ते वाचत गेलो. त्यातून हाती लागलेला इतिहास पुढे मांडतो आहे.

* * *

सुरुवात फिनलंडमधल्या हेलसिंकीत करावी लागते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला तेव्हा त्या यंत्रात ४ एमबी मेमरी होती. जीबी नव्हे, एमबी. त्याच वर्षअखेरीस जर्मनीतल्या एका वापरकर्त्याची अडचण टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत आली. त्याच्याकडे २ एमबीच मेमरी होती आणि तेवढ्यात कर्नल संकलित करणारा कंपायलर मावत नव्हता. कमी मेमरीत भागेल असा लहान कंपायलर चालवता येईल का, एवढीच त्याची विचारणा होती. टोरवाल्ड्स यांना स्वतःला गरज नव्हती. तरीही नाताळच्या दिवसांत बसून त्यांनी वेगळाच उपाय केला: मेमरीतली सध्या न लागणारी पाने डिस्कवर नेऊन ठेवायची आणि लागली की परत आणायची. जानेवारी १९९२ च्या ०.१२ या आवृत्तीत ही सोय आली. मिनिक्स या तेव्हाच्या प्रतिस्पर्ध्यात ती नव्हती. लिनक्सकडे लोक वळले त्यामागे ही सोय हे एक मोठे कारण होते, असे टोरवाल्ड्स यांनीच पुढे सांगितले आहे.

ही हकीकत मला फार मोलाची वाटते. ज्याच्याकडे सर्वांत लहान यंत्र होते त्याच्या तक्रारीतून ही सोय जन्माला आली. आणि त्याच सोयीच्या पोटात आपल्या संध्याकाळच्या जडपणाचे बीही आहे. डिस्क हा घराचा पोटमाळा समजा. सणावाराची भांडी तिथे ठेवली तर घर मोकळे होते. पण रोजचा तवा माळ्यावर ठेवायची वेळ आली की स्वयंपाक करणारीचा दिवस शिडीवरच जातो. माझ्या यंत्राची डिस्क कुरकुरत होती ती यामुळे.

दुसरी गोष्ट साठ्याची. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल कर्नल लगेच विसरत नाही. पुन्हा लागेल या हिशेबाने रिकाम्या जागेत ती ठेवून देतो आणि कुणा प्रोग्रामला जागा हवी झाली की बहुतेक वेळा निमूट सोडतो. न वापरलेली मेमरी ही वाया गेलेली मेमरी, असा त्यामागचा विचार आहे आणि तो बरोबर आहे. मात्र त्यामुळे काही तास चाललेल्या कोणत्याही लिनक्स यंत्रावर 'रिकामी' मेमरी जवळजवळ शून्य दिसते. नवखा माणूस घाबरतो, जाणकार त्याला हसतो. वर्षानुवर्षे हा संवाद असाच चालला. योगायोग असा की ज्या मार्चमध्ये आमची सभा होती त्याच महिन्यात कर्नलची ३.१४ ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यात रिक व्हॅन रील यांनी 'उपलब्ध मेमरी' असा वेगळा आकडा आणला. त्यासोबतच्या टिपणाचा आशय असा, की रिकामी जागा आणि साठा यांची बेरीज करून अंदाज बांधायची जुनी रीत आता चुकते. कारण साठ्यातलाही काही भाग सोडता येत नाही. म्हणजे मी वरची ओळ वाचून चुकलो होतो, पण मला हसणारे खालच्या ओळीवर विसंबत होते तेही पूर्ण बरोबर नव्हते. हे वाचून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

* * *

आता डेस्कटॉपकडे. नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात लिनक्सवर चित्रमय पडदा होता, पण आज ज्याला डेस्कटॉप म्हणतो तो नव्हता. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली 'एक्स' ही खिडक्यांची व्यवस्था, तिच्यावर 'एफव्हीडब्ल्यूएम'सारखा एखादा चिमुकला व्यवस्थापक आणि मग ज्याचा-त्याचा प्रोग्राम. प्रत्येकाची बटणे वेगळी, मेनू वेगळे, कळाही वेगळ्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने सगळ्यांची धाटणी एक असावी म्हणून केडीई प्रकल्पाची हाक दिली. केडीई ज्या 'क्यूटी' संचावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केले. फ्रान्समधल्या ओलिव्हिए फुर्दां यांचे हलके 'एक्सएफसीई' त्याच सुमाराचे.

समान धाटणी म्हणजे सामाईक सामान, आणि सामाईक सामान आले की त्याचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा हा प्रश्न आला. चाळीत एक नळ आणि चार बिऱ्हाडे असतील, तर पाणीपट्टी चौघांत वाटतात. लिनक्सची नेहमीची साधने मात्र बरीच वर्षे ती पूर्ण पट्टी प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावे दाखवत होती. एक कॅल्क्युलेटर एवढी मेमरी खातो म्हणून लोक संतापत, पण त्यातला मोठा भाग सगळ्यांनी मिळून वापरलेल्या संचांचा असे. सगळ्या आकड्यांची बेरीज केली तर ती यंत्रातल्या मेमरीपेक्षाही जास्त भरे! २००७-०८ च्या सुमारास मॅट मॅकॉल यांनी पाठपुरावा केलेली, सामाईक वाटा भागून दाखवणारी मोजणी कर्नलमध्ये आली, तेव्हा कुठे कोण किती खातो हे प्रामाणिकपणे सांगता येऊ लागले. पण नेहमीच्या 'टॉप' यादीत आजही डोळ्यांपुढे येतो तो जुनाच आकडा.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावे असे मला वाटते. 'जुने किती हलके होते' हे रडगाणे आपण सहज गातो. पण त्या हलक्या पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती. अक्षरांचे साचे एकापुढे एक ठेवत जाणे एवढेच जुन्या 'एक्स'ला येई. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढायचा, 'क्ष'मध्ये दोन अक्षरे एकजीव करायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, हे त्याच्या गावीही नव्हते. २००२ मध्ये ग्नोम २.० आले ते 'पँगो' नावाचा अक्षरजुळणीचा संच घेऊन. त्याने भारतीय, अरबी अशा गुंतागुंतीच्या लिप्यांना पहिल्यापासून घरात घेतले. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' हे मुक्त टंक खुले केले. त्यांची पुढची देखभाल बरीचशी पुण्यातून झाली. हे सगळे मेमरी खाते, वेळही खाते. प्रत्येक शब्दाची मांडणी करून मग तो रंगवायचा म्हणजे रोमन अक्षरांपेक्षा काम जास्तच. पण माझी सूची याच जाडेपणावर उभी आहे. तेव्हा डेस्कटॉप जड झाला म्हणताना कुणासाठी जड झाला आणि कुणासाठी उघडला, हे दोन्ही विचारावे लागते.

सगळाच जाडेपणा असा सत्कारणी लागला नाही, हेही तितकेच खरे. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आले. या पिढीत 'नेपोमुक' ही महत्त्वाकांक्षी यंत्रणा होती. प्रत्येक फाइल, पत्र, माणूस यांचे परस्परसंबंध तिने टिपून ठेवायचे आणि वापरणाऱ्याने नुसते विचारायचे. कल्पना सुंदर. प्रत्यक्षात ती फाइली विंचरत बसे आणि यंत्र घामाघूम होई. लोकांनी पहिले काम कोणते केले असेल तर ती बंद कशी करायची ते शोधणे. एप्रिल २०१४ च्या ४.१३ आवृत्तीत तिच्या जागी 'बालू' आले. तिची निर्मिती विशेष हांडा यांनी केली. नेपोमुकची देखभालही तेच करत होते. आपलेच घर पाडून पुन्हा बांधणारा माणूस विरळा, म्हणून नाव आवर्जून लिहिले. माझ्या यंत्रावरच्या संध्याकाळच्या जडपणाचे मूळही शेवटी अशाच जातीच्या एका सूचीकारात सापडले. दिवसभर मी छायाचित्रे टाकत होतो आणि तो माझ्यामागे एकेक फाइल उघडून पाहत होता. दोन सूचीकार एकाच दप्तरखान्यात बसले की दुसरे काय होणार!

* * *

या इतिहासातले माझे आवडते प्रकरण २०१८ सालचे आहे आणि ते समजायला आमचे डेडस्टॉक रजिस्टर फार उपयोगी पडते.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले. त्याचा दर्शनी भाग, म्हणजे वरची पट्टी, मेनू, खिडक्यांची लहान चित्रे, हे सारे 'ग्नोम शेल' नावाचा एकच प्रोग्राम सांभाळतो. त्याचा पाया सी भाषेत आहे आणि वरचे बरेचसे काम जावास्क्रिप्टमध्ये. जावास्क्रिप्ट चालवण्यासाठी मोझिलाच्या फायरफॉक्समधलेच इंजिन घेतलेले आहे. शेल दिवसागणिक फुगत जातो ही तक्रार पहिल्यापासून होती. विस्तार म्हणून बसवलेल्या छोट्या सोयीही त्याच प्रोग्रामच्या पोटात चालतात, त्यामुळे दोष कुणाचा हे ठरत नसे. तक्रार आली की 'तुमचे विस्तार काढून पाहा' हे ठरलेले उत्तर. मग ५ एप्रिल २०१७ रोजी मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केले की उबुंटू आपला 'युनिटी' डेस्कटॉप सोडून ग्नोमकडे वळेल. ऑक्टोबरच्या १७.१० आवृत्तीत तसे झाले. एका रात्रीत ग्नोम शेलपुढे किती तरी नवी माणसे येऊन बसली, आणि एप्रिल २०१८ ची दीर्घकाळ टिकायची आवृत्ती तोंडावर आली. आता तक्रार बाजूला सारणे शक्य नव्हते.

ब्राझीलचे जॉर्जेस स्टाव्राकास आणि जावास्क्रिप्ट व सी यांना जोडणारा थर सांभाळणारे फिलिप चिमेंटो हे दोघे तेव्हा 'एंडलेस' या कंपनीत होते. कमी किमतीच्या, बेताच्या मेमरीच्या संगणकांवर चालेल असा डेस्कटॉप करणे हे त्या कंपनीचे काम. पुन्हा एकदा तक्रार ऐकली गेली ती लहान यंत्राच्या बाजूने.

दोष कुठे होता? मेमरीतली वस्तू केव्हा फेकायची हे ठरवायच्या दोन रीती आहेत. सी बाजूची रीत अशी: प्रत्येक वस्तूवर तिला किती जणांनी धरून ठेवले आहे याचा आकडा असतो, तो शून्य झाला की वस्तू त्या क्षणी मोडीत. जावास्क्रिप्टची रीत वेगळी. ती आकडे ठेवत नाही. अधूनमधून झाडलोट करते. कुणाकडूनच जिच्यापर्यंत पोचता येत नाही अशी प्रत्येक वस्तू केर समजून बाहेर काढते. दोन्ही रीती आपापल्या जागी चोख. ग्नोम शेलचा एक पाय मात्र एकीत आणि दुसरा दुसरीत. त्यातल्या प्रत्येक बटणाला, प्रत्येक चित्राला दोन देह आहेत: सीमधला खरा, जड देह आणि जावास्क्रिप्टमधली त्याची पातळ सावली. सावली झाडली जाईपर्यंत देह जात नाही. आणि झाडणाऱ्याला दिसते ती फक्त सावली. त्याच्या लेखी टोपलीत चिमूटभर धूळ आहे, मग कशाला उठायचे? धुळीच्या प्रत्येक कणामागे एकेक लोखंडी कपाट उभे आहे, हे त्याला ठाऊकच नाही.

झाडणारा उठला तरी काम एका फेरीत होत नसे. समजा, आमच्या सभेने कपाट निर्लेखित केले. कपाटातले खण कपाटाच्या नावे असल्यामुळे कपाटावर रेघ पडेपर्यंत खणांचा विषयच घेता येत नाही. ते पुढच्या सभेत. खणांतल्या फाइली त्याच्या पुढच्या सभेत. सभा वर्षातून एकदा. तीन पायऱ्यांचे सामान प्रत्यक्षात एका दिवसात मोडले, तरी रजिस्टरातून जायला तीन वर्षे. शेलमध्ये अगदी हेच चालले होते. मेनू बंद झाला की एका झाडलोटीत मेनू जाई. त्याच्या जाण्याने आतल्या ओळी मोकळ्या होत, पण त्या पुढच्या झाडलोटीपर्यंत थांबत. ओळींतली चित्रे त्याच्याही पुढच्या. चिमेंटो यांनी या दोषाला दिलेल्या नावाचा मतलब 'रेंगाळलेली झाडलोट' असा होतो.

यावर एक वाद झाला, जो मला कारकुनी वाटला तरी महत्त्वाचा आहे: याला गळती म्हणायचे का? काटेकोर अर्थाने नाही. गळती म्हणजे जिचा हिशेबच हरवला ती मेमरी. इथे ती कधी ना कधी परत मिळणारच होती. ज्याचे यंत्र आत्ता अडकले आहे त्याला या भेदाचा काय उपयोग? पण शोधणाऱ्याला होता. इतकी वर्षे लोक हरवलेली नोंद शोधत होते आणि नोंदी सगळ्या जागेवर होत्या. चुकत होते ते सभांचे वेळापत्रक.

स्टाव्राकास यांनी केलेला उपाय देखणा नव्हता. एखादी वस्तू मोडीत निघाली की झाडलोटीची सूचना लावून द्यायची. तिच्यात आतली वस्तू मोकळी झाली की पुन्हा सूचना. असे शेवटच्या थरापर्यंत. मेमरी खाली आली. भीती अशी होती की झाडलोट चालू असताना जावास्क्रिप्टचे बाकी काम थांबते, तेव्हा मेमरी वाचवायला जाऊन पडदा अडखळेल. म्हणून सूचना एकत्र करून निवांत क्षणी झाडायची असे ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या केंब्रिजला ग्नोमच्या मंडळींची फक्त वेग आणि मेमरी याच विषयाची बैठक झाली. सप्टेंबर २०१८ ची ३.३० आणि मार्च २०१९ ची ३.३२ या आवृत्त्यांमध्ये फरक वापरणाऱ्यांना उघड जाणवला. त्यात कॅनॉनिकलच्या डॅनियल व्हॅन व्हुग्ट यांनी पडदा रंगवण्याच्या वाटेवरचे एकेक खडे वेचले, त्याचाही वाटा मोठा आहे.

* * *

इतके करूनही एक प्रश्न उरतोच. मेमरी खरोखरच संपली तर?

कर्नल प्रोग्रामांना मेमरी देताना असलेल्यापेक्षा जास्तीचे वायदे करतो. सगळे ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत या भरवशावर बँक चालते, तसेच. आणि सगळे आलेच, तर एका प्रोग्रामला मारून टाकायचे, अशी तरतूद आहे. कुणाला मारायचे यावर लिनक्सच्या मंडळींनी इतकी चर्चा केली की २००४ मध्ये आंद्रिज ब्राउवर यांनी एक बोधकथाच रचली. एका विमान कंपनीला कमी इंधन भरणे स्वस्त पडते असे आढळले. इंधन क्वचित कमी पडलेच तर एखाद्या प्रवाशाला बाहेर फेकायचे. मग संशोधन सुरू झाले: सर्वांत वजनदार फेकावा की सर्वांत वृद्ध? पैसे भरून सूट द्यावी का? वैमानिकाची पाळी आली तर? इंधन पुरेसे का भरत नाही, हा प्रश्न तेवढा राहून गेला. कर्नलच्या पत्रव्यवहारात इतका निखळ विनोद मला दुसरा आढळलेला नाही.

डेस्कटॉपवर मात्र त्याहून वाईट घडते. फेकण्याची वेळ येतच नाही. विमान तासभर हवेत गचके खात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये एका वापरकर्त्याने कर्नलच्या मंडळींसमोर साधा प्रयोग ठेवला: ४ जीबीचे यंत्र घ्या, माळा बंद करा, ब्राउझरमध्ये एकामागून एक पाने उघडत जा. काही वेळाने यंत्र गोठते, माऊससुद्धा हलत नाही, आणि मारणारा काही येत नाही. कारण हेच की कर्नलच्या हिशेबात अजून सोडण्याजोगी पाने शिल्लक असतात. ती पाने म्हणजे चालू प्रोग्रामांचा स्वतःचा मजकूर. तो टाकायचा, लगेच डिस्कवरून परत आणायचा, पुन्हा टाकायचा. हिशेबाने मेमरी आहे. माणसाच्या लेखी यंत्र मेले आहे.

त्याचे उत्तर तोवर अर्धे तयार होते. फेसबुकमधल्या योहानेस वाइनर यांनी डिसेंबर २०१८ च्या ४.२० कर्नलमध्ये नवी मोजणी आणली होती. ती मेमरी किती उरली हे सांगत नाही. मेमरीअभावी कामे किती वेळ खोळंबली, गेल्या दहा सेकंदांत किती, मिनिटात किती, पाच मिनिटांत किती, हे सांगते. मला विचाराल तर या सबंध इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे. एमबीत मोजली जाणारी गोष्ट पहिल्यांदाच सेकंदांत मोजली गेली, आणि ग्रंथपालबाईंची "आज फार वेळ लावतंय हो" ही तक्रार जशीच्या तशी आकड्यात उतरली. या मोजणीवर बेतलेला पहारेकरी फेडोराने एप्रिल २०२१ च्या ३४ व्या आवृत्तीत बसवला. उबुंटूने पुढच्या वर्षी २२.०४ मध्ये बसवला तेव्हा तो लोकांचे चालू ब्राउझर डोळ्यांदेखत मारू लागला आणि नव्या तक्रारी आल्या. त्याही खऱ्याच होत्या.

लहान यंत्रांच्या खरी कामी आली ती 'झेडरॅम' ही युक्ती. पोटमाळा डिस्कवर न बांधता मेमरीतच बांधायचा, फक्त सामान दाबून, घडी घालून ठेवायचे. नितीन गुप्ता यांच्या 'कॉम्पकॅश' प्रकल्पातून ती आली. उमेदवारीच्या कोपऱ्यातून कर्नलच्या मुख्य घरात तिला जागा मिळाली ती ३.१४ मध्ये, म्हणजे पुन्हा त्याच मार्च २०१४ मध्ये. फेडोराने २०२० पासून ती सर्वांसाठी चालू केली.

* * *

वाचनालयाच्या यंत्रावरचा सूचीकार मी २०१४ च्या एप्रिलमध्येच बंद केला होता. पुढे एक्सएफसीई बसवले, झेडरॅम चालू केले. मराठी टंकन, छायाचित्रे आणि सूचीचा तक्ता एवढ्याला २ जीबी पुरत राहिले. ब्राउझर मात्र एकच पान उघडे ठेवून वापरायचा, अशी चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली होती. दर शनिवारी 'उपलब्ध'चा आकडा एका वहीत लिहून ठेवायची सवय लागली.

२०२१ च्या पावसाळ्यात मदरबोर्ड गेला. तोपर्यंत मोडी दप्तरांची सूची पुरी झाली होती, इतिवृत्तांची अर्ध्यावर होती. मी डिस्क काढून दुसऱ्या जुन्या यंत्रात घातली आणि काम पुढे चालू ठेवले. मार्च २०२२ च्या सभेत संगणकाचे रीतसर निर्लेखन झाले. खजिनदार तेच होते. भंगाराचे चारशे रुपये जमा झाले.

त्यानंतरच्या तपासणीत लेखापरीक्षकांनी विचारले, संगणक निर्लेखित झाला तर त्यातली डिस्क कुठे आहे? ती चालू असल्याचे मी सांगितले. रजिस्टर चाळले तेव्हा लक्षात आले की डिस्कची स्वतंत्र नोंद कधी झालीच नव्हती. ती संगणकाच्या पोटात होती, आणि संगणकावर आता लाल रेघ होती. कागदोपत्री ती अस्तित्वात नव्हती. पुढच्या सभेत तिच्यासाठी वेगळा विषय घ्यावा लागला. 'हार्ड डिस्क, एक नग, चालू स्थितीत' अशी नोंद आता आमच्या डेडस्टॉकात आहे.